परतीचा जोड

माझ्या नवऱ्याची दौऱ्याची बॅग मी भरते. हे वाचून कुणाच्या भुवया उंचावल्या तर उंचावू देत. एरवी घरात तो स्वतःचं स्वतः करतो, इस्त्रीसुद्धा. पण दौऱ्याची बॅग माझी. तो कुठे जातो हे मला सांगू शकत नाही, कधी परतणार हे त्याचं त्यालाच धड माहीत नसतं, आणि तिथे काय केलं ते आल्यावर अर्धंमुर्धं कळतं. मग माझ्या हातात उरतं काय? बॅग. तेवढी तरी मला माझ्या मनासारखी भरू दे, असं मी एकदा बजावलं आणि तो गुपचूप बाजूला झाला.

नवरा केमिस्ट. युद्धात विषारी वायू वापरणार नाही, असं जगातल्या बहुतेक सगळ्या देशांनी लिहून दिलेलं आहे. ते पाळलं जातंय की नाही हे बघणारी एक आंतरराष्ट्रीय कचेरी द हेगला आहे, तिथे तो नोकरी करतो. बऱ्याचदा काम अगदी रटाळ असतं. कारखान्यांची तपासणी, जुने साठे नष्ट करताना शेजारी उभं राहून बघणं. पण कधीमधी कुठल्यातरी गावातून 'आमच्यावर वापरलं' अशी हाक येते. मग यांची माणसं तिथे जाऊन माती, कपडे, रक्त गोळा करतात, लोकांचं म्हणणं लिहून घेतात. काय झालं ते नक्की करायचं. आपल्याकडे कुणी विचारलं की मी 'तो लॅबमध्ये असतो' एवढंच सांगते आणि विषय पोह्यांकडे वळवते.

आम्ही नीउ-व्हेनेप नावाच्या गावात राहतो. सकाळी तो द हेगच्या बाजूला जातो, मी उलट्या दिशेला स्लोटरडाइकच्या माझ्या ऑफिसात, जिथे मी दिवसभर लोकांचे पगार बरोबर निघतायत ना हे बघते. संध्याकाळी दोघं घरी, मुलगी हॉकीवरून घरी, वरणभात. इतकं साधं चाललेलं असताना या माणसाचं काम काय आहे हे माझं मलाच आठवत नाही, आणि ते बरंच आहे.

एकदाच आठवण करून देण्याचा आगाऊपणा त्याने केला होता. एका रविवारी म्हणाला, चला, बेल्जियमला फिरून येऊ. मी आपली पुरीभाजी बांधून घेतली. आणि नेलं कुठे, तर शेतात! पहिल्या महायुद्धातले गोळे तिथे अजून नांगराला लागतात. शेतकरी ते उचलून रस्त्याच्या कडेला ठेवतो, लष्कराचे लोक येऊन घेऊन जातात. बटाटे निघावेत तसे निघतात म्हणे. त्यातल्या काहींमध्ये मस्टर्ड गॅस आहे, अजून तसाच. मी पुरी हातात धरून विचारलं, मोहरीचा? तर म्हणे मोहरीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, वासावरून नाव पडलंय. काहींना लसणासारखाही वास येतो. खरं तर तो वायूही नाही, तेलकट पातळ पदार्थ आहे. कपड्यांत मुरतो, मातीत बसून राहतो. अंगावर पडला तर लागलीच काही होत नाही, दुखत नाही, माणूस घरी जातो, जेवतो, मुलांना जवळ घेतो. काही तासांनी, कधी दिवसाने, डोळे चुरचुरायला लागतात, कातडीवर फोड येतात, मग छाती. त्यावर उतारा नाही. मी म्हटलं, पुरे, आता गाडीत बस. उरलेल्या पुऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत.

तेव्हापासून परतीच्या जोडाचं महत्त्व मला कळलं. तिथल्या कामात घातलेले कपडे, अगदी आतले कपडेसुद्धा, हा तिथेच टाकून येतो. शेवटच्या दिवशी आंघोळ करून एका वेगळ्या पिशवीतला कोरा जोड घालतो आणि तडक विमानतळ. शर्ट, पँट, मोजे, बनियन, सगळं नवं नाहीतर कडक धुतलेलं, पिशवीचं तोंड घट्ट बंद केलेलं. ती पिशवी मी भरते. त्या कपड्यांत तो दारात उभा राहिला की तो आला, आणि एकटाच आला, सोबत काही घेऊन आला नाही, असा आमच्या दोघांतला अलिखित अर्थ.

गेल्या वर्षी वसंतात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. तीन महिन्यांचा व्हिसा. सांगलीकडच्या गावात एकट्या राहतात, ऐंशी ओलांडलेली, पण चालायला लागल्या की मला धाप लागेल. बोलायला लागल्या तरी लागेल. डब्यात डिंकाचे लाडू, मेतकूट, गोधडी आणि चेहऱ्यावर 'विमानात सगळ्यांनी मला विचारलं' हा भाव, अशा अवतारात त्या शिफोल विमानतळावर उतरल्या. मुलाचं काम काय, हे त्यांना आम्ही कधी नीट सांगितलं नव्हतं. 'कारखान्यांचे कागद तपासतो' म्हणून ठेवलं होतं. उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर? गावात एकटी बाई, दूरदर्शनवर कुठे धूर दिसला की झोप उडायची.

आल्यावर महिनाभरात नवऱ्याला दौऱ्याचा फोन आला. मी बॅग भरायला घेतली, परतीची पिशवी बंद केली. आई पलंगाच्या कडेला बसून टक लावून बघत होत्या.

"अगं, कागद तपासायला जातोय ना? मग तुझे हात का कापतायत?"

"कुठे कापतायत? थंडी आहे."

"हीटर तर चालू आहे."

मी म्हटलं, आई, तुमचा चहा निवतोय. त्या उठल्या. पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर मागच्या अंगणात मेणबत्ती पेटवून बसलेल्या! आमच्या घरात गॅस नाही, सगळं विजेवर, त्यामुळे आग म्हणून काही घरात दिसायची नाही. मी जीव खाऊन ओरडले, अहो आई, शेजारी हेमेन्तेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करतील, इथे लोकांना धुराचं भारी वेड! त्यांनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली, सुई पदराला टोचली आणि म्हणाल्या, "काजळ धरत होते." काजळ? या वयात? बरं बाई, धरा काजळ. बोटंही काळी झाली होती, म्हणून मी आणखी काही विचारलं नाही.

नवरा गेला. आई रोज दाराशी रांगोळीची चार बोटं ओढायच्या, इथल्या वाऱ्यात ती दुपारपर्यंत शेजाऱ्याच्या दारात जायची. आणि एका गुरुवारी तो परत आला. परतीच्या जोडात. आईंनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. समोरच्या घरातल्या डच आजी काचेतून बघत होत्या, मी त्यांना हात केला. लेक धावत येऊन बाबाच्या गळ्यात पडली. डोळ्यांखाली काळं आलं होतं त्याच्या, पण तो आला होता. मी त्याचे कपडे त्याच दिवशी मशीनला लावले. बनियन उलटं होतं, सुलटं केलं, झटकलं. किती साधी गोष्ट.

या खेपेला तो फारच गप्प होता. जेवताना विचारलं, झालं का काम? म्हणाला, झालं. लसणाची चटणी वाढली तर ताटाच्या कडेला सरकवून ठेवली. ज्या माणसाला चटणीशिवाय घास उतरत नाही, तो! आईंच्या ते नजरेतून सुटलं नाही. माझ्याही नाही.

शनिवारी सकाळी लेक मॅचला गेली. मी धुतलेले कपडे घेऊन वर गेले तर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं, आणि नवरा आरशासमोर उघडाबंब उभा. छातीवर डाव्या बाजूला लाल चट्टा, आणि त्याच्या मधोमध फोड. टपोरा, पिवळट पाणी भरलेला.

"हे काय?"

"आत येऊ नकोस." त्याचा आवाज नको इतका शांत होता. "हात लावू नकोस."

मी माझा उजवा हात पुढे केला. कालपासून तर्जनी आणि अंगठ्याच्या मध्ये खाज सुटली होती, लाल पुरळ होतं. भांड्यांच्या साबणाने झालं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. त्याने ते पाहिलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. स्वतःचा फोड बघताना तो नुसता केमिस्ट होता, माझी बोटं बघितली आणि त्याचे ओठ पांढरे पडले.

"कपडे कुणी धुतले?"

"मी. दुसरं कोण धुणार?"

"सगळ्यांचे एकत्र?"

मी मान डोलावली. तेवढ्यात आम्हा दोघांना एकदमच आठवलं, की गुरुवारी लेक त्याच्या गळ्यात पडली होती. डावीकडे डोकं टेकवून.

त्याने कचेरीत फोन लावला. तो इंग्रजीत बोलत होता, सावकाश, एकेक शब्द मोजून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय. ठेवल्यावर मला म्हणाला, ते येतायत. तुम्ही दोघी बाहेर मोकळ्यावर बसा, कशाला हात लावू नका. लेकीला सांग, मैत्रिणीकडेच थांब, आणि अंगावर काही दिसतंय का ते बघ. मी विचारलं, "पण तू तर म्हणाला होतास, काही तासांत कळतं. दोन दिवस झाले."

"सहसा," तो म्हणाला.

या 'सहसा'ने मी जास्तच घाबरले. आणि ते लगेच येतायत, यानेही. या देशात घसा धरला तरी डॉक्टर आठवडाभर वाट बघायला लावतो; इथला डॉक्टर आपण होऊन शनिवारी सकाळी घरी येतोय म्हणजे काय ते समजून जायचं. लेकीला मेसेज केला. तिने उलट विचारलं, 'हूझो?' म्हणजे का? मी लिहिलं, सांगते ते ऐक. मग तिचं आलं, अंगावर काही नाहीये, मॅच जिंकलो. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला.

आई खाली थालीपीठ थापत होत्या. मी त्यांना दंडाला न धरता, लांबूनच, चला बाहेर चला असं करत अंगणात नेलं. शाल दिली नाही, कारण शालीला हात लावायचा नव्हता. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या, हाताला पीठ तसंच.

"काय झालंय? आणि थपडा खाल्ल्यासारखं तोंड का करून बसलीयेस?"

आता लपवून काय करणार होते? मी सगळं सांगितलं. कागद तपासत नाही, आई. विषारी वायूचा जिथे मारा होतो तिथे जातो तो. माती उचलतो, माणसं बघतो. या वेळेला अशाच ठिकाणी गेला होता. आईंनी मध्ये एक शब्द काढला नाही. ज्या बाईने माझं एक वाक्य आजवर पुरं होऊ दिलेलं नाही, ती मुकाट ऐकत होती, ते मला जास्त लागलं. मी रडायला लागले. म्हटलं, कळत नाही हो आधी काही, नंतर फोड येतात, आणि त्यावर औषध नाही.

"फोड?" आई म्हणाल्या. "त्याला आलाय?"

"हो."

"कुठं?"

"छातीवर."

"डाव्या?"

मी वर बघितलं. "तुम्हाला काय माहीत?"

आई उठून उभ्याच राहिल्या. पिठाचे हात गालांवर. "अगं बाई! अगं देवा! मेले मी!"

बरोबर त्याच वेळी आमच्या गल्लीत एक पांढरी व्हॅन शिरली. त्यातून तिघं उतरले, अंगात ते पांढरे झगे, तोंडावर मास्क, हातात पेट्या. समोरच्या आजी दारात आल्या, त्यांच्या बाजूचा मुलगा सायकल धरून थांबला. आणि माझ्या सासूबाई, नऊवारी सावरत, अंगणाच्या बाजूच्या दारातून थेट रस्त्यावर. वरच्या खिडकीकडे मान करून, गावात शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात त्या आवाजात ओरडल्या,

"अरे! बिब्बा आहे तो! बिब्बा उतलाय तुला!"

खिडकी उघडली. नवरा उघडाच.

"काय?"

"बिब्बा! मीच लावला! बनियनला!"

मला आधी काहीच उमजेना. मग एकदम मेणबत्ती आठवली, पदराला टोचलेली सुई आठवली, काळी बोटं आठवली. काजळ म्हणे! डोंबलाचं काजळ! परतीची पिशवी मी बंद केली होती, ती या बाईने उघडून, बिब्बा तापवून, सुईने टोचून, त्याच्या तेलाची फुली काढली होती बनियनच्या आतून, काळजावर येईल अशी, आणि पिशवी होती तशी बंद करून ठेवली होती. लेकराला दृष्ट लागू नये, वाट सुखरूप व्हावी म्हणून. गावात परीट कपड्यांवर खुणा बिब्ब्यानेच करायचा, धुतलं तरी जात नाही, म्हणून तर तो निवडला.

वर बघते तर खिडकीत नवरा दिसेना. तो खाली बसला होता, जमिनीवर, आणि आतून जो आवाज येत होता तो हसण्याचा होता की रडण्याचा हे मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र चक्क रस्त्यावर उभी राहून हसले आणि रडले, दोन्ही.

मास्कमधल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, या आजी काय म्हणतायत? आता हे डचमध्ये कसं सांगायचं? इतक्या वर्षांत हेमेन्तेची पत्रं, शाळेच्या मीटिंगा, घराचं कर्ज, सगळं डचमध्ये निभावलं. पण 'माझ्या सासूने नवऱ्याला नजर लागू नये म्हणून त्याच्या बनियनला एका रानफळाचं तेल लावलं, त्याने अंगावर फोड येतात' हे वाक्य कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं. मी सांगितलं कसंबसं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, फोड येतात हे माहीत असून लावलं? मी ते आईंना मराठीत विचारलं.

"सगळ्यांना कुठे उततो?" आई म्हणाल्या. "मला बघ, आयुष्यभर हाताळतेय. आणि एवढीशी तर फुली."

नवरा वरून ओरडला, "मला उततो! पाचवीत असताना पायाला लावला होतास, महिनाभर शाळा बुडाली!"

"तेव्हा जास्त लावला होता," आई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचं काम केलंच. बिब्बा हा काजूचा भाऊबंद, त्याच्या तेलाने असं होऊ शकतं, नवऱ्यानेही ते शास्त्रासकट सांगितलं, तरी नियम तो नियम. बनियन उलटं केलं, तर शिवणीजवळ ती फुली होती, बोटाच्या पेराएवढी, काळी कुळकुळीत. मशीनने तिला काही केलं नव्हतं. ते बनियन पिशवीत गेलं. फोडातलं पाणी घेतलं, माझ्या बोटांना पट्टी लावली, आणि आईंच्या लाडवांच्या डब्यातून निघालेले उरलेसुरले बिब्बेही सीलबंद पिशवीत घातले. "परत मिळतील ना?" असं आईंनी विचारलं. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

ती मंडळी गेल्यावर मी आईंवर जी तोंडसुख घ्यायला सुरुवात केली! कुणाच्या कामात बिब्बा घालतात हे ऐकलं होतं, म्हटलं, बनियनात घातलेला पहिल्यांदाच बघितला. विचारायचं तरी! जीव गेला असता माझा!

"तुम्ही मला खरं सांगितलं होतंत?" आई म्हणाल्या. "कागद म्हणे! पोरगा कागद बघायला जातो आणि सून बॅग भरताना कापते. मी काय दुधखुळी आहे? खरं सांगितलं असतंत तर उघड लावला असता, आणि त्याने मला थांबवलं असतं." मी थालीपीठं लावायला घेतली. लेक घरी आली, तिला मिठी मारली, ती म्हणाली, 'मॉम, रिलॅक्स.' तिला सगळी गोष्ट कळल्यावर ती जमिनीवर लोळून हसली. आजीला तिने दिवसभर 'केमिकल आजी' म्हणून हाक मारली.

सोमवारी नवऱ्याला फोन आला. निर्मळ. बिब्ब्याशिवाय काही नाही. शनिवारपासून आम्ही तसं धरूनच चाललो होतो, तरी त्याने फोन ठेवला तेव्हा मी स्वयंपाकघराचा ओटा दोन्ही हातांनी धरून उभी होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. हुश्श म्हणतात ते असं पायाच्या तळव्यापर्यंत जातं हे मला माहीत नव्हतं. मी शिरा केला. तूप हात न आखडता.

शिरा खाताना तो आपणहून बोलला. आईंकडे बघून.

तिथल्या इस्पितळात एक बाई होती म्हणाला. तिचा मुलगा खाटेवर, पाठभर फोड, डोळे मिटलेले, श्वासाला घरघर. बाकीच्यांनी सांगितलं, लसणासारखा वास आला, मग संध्याकाळपर्यंत काही नाही, मग हे. ही बाई मात्र दुभाष्याला धरून एकच विचारत होती. गरम तेल सांडलं असेल का? कुठल्या झाडाचा चीक लागला असेल का? उन्हाचं असेल का? तुम्ही शिकलेले आहात, नीट बघा ना, दुसरं काहीतरी असेल. "आणि बाहेर, ज्यांनी टाकलं ते म्हणत होते की या लोकांनी स्वतःच अंगावर तेल ओतून घेतलंय. मला दोघांशीही काही बोलायची परवानगी नव्हती, आई. मी फक्त नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली." तो थांबला. "शनिवारी आरशासमोर मी तेच करत होतो. त्या बाईसारखंच. दुसरं काहीतरी असू दे."

आईंनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. "मग त्या पोराचं?"

"तपासणीत तेच निघालं. जे नको होतं ते."

"जगला का?"

"आम्ही निघालो तेव्हा होता. पुढचं कळत नाही आम्हाला."

आईंनी डोळ्यांना पदर लावला. लेक उठून आजीजवळ जाऊन बसली.

जून संपत आला, आईंची परतीची तिकिटं झाली, आणि त्या आठवड्यात पुन्हा फोन. पुन्हा तसल्याच ठिकाणचा. या वेळी माझा पाराच चढला. म्हटलं, दुसरं कुणी नाही का त्या कचेरीत? एकदा आम्हाला घाबरवून पोट भरलं नाही? आत्ताशी कुठे छातीवरचा डाग फिका होतोय! मी आईंकडे वळले. मनात म्हटलं, आता ही बाई त्याला अशी काही बजावेल की हा घराबाहेर पाऊल टाकणार नाही. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका बाजूला असणार होतो.

आई भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"आपला बिब्बा निघाला," त्या म्हणाल्या, "म्हणून आपण शिरा खाल्ला. त्या इस्पितळातल्या बाईचा बिब्बा नव्हता. आणि लोक तिला म्हणतायत, बिब्बाच आहे, तूच लावलास." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "मग बिब्बा नाही हे कुणीतरी जाऊन सांगायला नको का?"

मी त्याच दुपारी बॅग काढली.

परतीची पिशवी या वेळी आम्ही दोघींनी मिळून भरली. शर्ट, पँट, मोजे. बनियन आईंनी स्वतःच्या हाताने घडी घालून नवऱ्यापुढे धरलं.

"कोरं आहे," त्या म्हणाल्या. "उलटं करून बघ हवं तर."

त्याने घेतलं, उलटं केलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, शिवणींवरून अंगठा फिरवला. आईंना राग आला नाही. त्याचं झाल्यावर मी त्याच्या हातातून घेतलं आणि मीही बघितलं. खरंच कोरं होतं. मग मी पिशवीचं तोंड बंद केलं.